वाडगा उलटा करून बघ

नॉर्डबी, मिनेसोटा
१४ मार्च १९८८

प्रिय आर्डिथ,

तुझ्या ख्रिसमसच्या पत्राला उत्तर द्यायला मार्च उजाडला, पण तू रागावणार नाहीस. तुमच्याकडे या दिवसांत झाडाला संत्री लागलेली असतात म्हणे. अशा ठिकाणी राहून माणसानं रागवायचं कशाला? माझ्या अंगणात बर्फ अजून टपालपेटीच्या गळ्याशी आहे.

मी कामात बुडाले आहे. जानेवारीत मला टॅमरॅक काउंटी इतिहास मंडळाची अध्यक्ष केलं. म्हणजे झालं असं, की सभेत मी सगळ्यांना कॉफी ओतायला उठले आणि परत येऊन बसेपर्यंत निवड झाली होती. आपलं संग्रहालय अजून जुन्या रेल्वे स्टेशनातच आहे. जूनमध्ये सगळी मांडणी नव्यानं करून ते उघडायचं ठरलंय, आणि मांडायला जागा कुठे आहे? कुणाच्या घरचं म्हातारं माणूस गेलं की पोरं त्याची पायपेटी आमच्या दारात आणून ठेवतात. नको म्हणायची सोय नाही, कारण प्रत्येक पायपेटीमागे कुणाची तरी आजी असते. आज अकरा झाल्या. एकही वाजत नाही. शिवाय डेल्बर्ट ओस्बीनं तऱ्हेतऱ्हेच्या काटेरी तारांचे तुकडे फळ्यांवर ठोकून दिलेत. कुणी बघायला आलं की तो एकेका तुकड्याची हकिगत सांगतो. म्हणून कुणी बघायला येत नाही.

पण यंदा आमच्याकडे एक खरी वस्तू आली आहे. सोर्विकबाईंनी, हो, आपल्या तिसरीच्या बाईंनी, त्यांच्या आजीचा वाडगा दिला. काउंटीत सगळ्यांत आधी वसायला आली ती ही गुनहिल्ड सोर्विक, बैलगाडीतून, मांडीवर हा वाडगा आणि वाडग्यात आंबवलेलं पीठ. नदी ओलांडताना गाडी कलंडली तेव्हा तिनं आधी वाडगा धरला, मग नवऱ्याला. मधल्या काचेच्या कपाटात तो एकटाच ठेवणार आहोत. सोबत मंडळाचं पत्रक पाठवते, पहिल्या पानावर फोटो आहे. बाई अठ्ठ्याऐंशीच्या झाल्या, फीत त्याच कापणार.

आपल्या घराण्याचं संग्रहालयात काय आहे, तर आजोबांचं साय काढायचं यंत्र, तेही दाराआड. तुझ्याकडे सेल्मा मावशीचं काही असेल तर पाठव. पायपेटी सोडून काहीही.

लेस्टरला सांग, त्याचा जुना ट्रॅक्टर अजून चालतो.

तुझी मावसबहीण (आणि अध्यक्ष),
वर्ना

•

मेसा, अॅरिझोना
२३ मार्च १९८८

प्रिय वर्ना,

अभिनंदन. यापुढे कॉफी ओतायला दुसऱ्या कुणाला तरी उठव.

संत्री आहेत हे खरं, पण ती शेजाऱ्यांची आहेत. लेस्टर दिवसभर आमच्या निवृत्तांच्या वसाहतीतल्या नवरेमंडळींबरोबर लांब काठीनं चकत्या ढकलतो आणि संध्याकाळी कोण किती वाईट खेळलं ते मला सांगतो. माझ्या गुडघ्यांना इथलं ऊन मानवलं. बाकीच्या मला अजून नाही.

आईचं माझ्याकडे काय आहे, तर केकचं एक लांबट भांडं, सरकत्या झाकणाचं. बाकी सगळं शेताच्या लिलावात गेलं, तू होतीस तेव्हा. तिचं जे मला सगळ्यात हवं होतं ते लिलावात नव्हतंच. ते तुझ्या काचेच्या कपाटात आहे.

पत्रकातला फोटो मी भिंगाखाली धरला. मग लेस्टरच्या भिंगाखाली धरला, ते मोठं आहे. पिवळा वाडगा, निळा पट्टा, आणि पट्ट्याच्या वर कुणीतरी चावा घेतल्यासारखी काठाची कपची उडालेली. वर्ना, तो चावा माझ्या भावाचा, रूडीचा आहे. चार वर्षांचा असताना त्यानं लोखंडी डाव घेऊन वाडग्याचा ढोल केला होता. मी समोर बसले होते.

तो आईचा बटाट्याच्या सॅलडचा वाडगा. तिच्या सॅलडमध्ये शेपू असायचा, नॉर्डबीत दुसरी कुणी घालत नसे. १९५१ साली आजोबांच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण झालं. आई वाडगा भरून घेऊन गेली आणि वाडग्याशिवाय घरी आली. चर्चची कपाटं धुंडाळली, पाळकांच्या बायकोला विचारलं. नाहीच सापडला.

आता सांगते ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी शेवटपर्यंत भांडी विसळत तुझी आई, हिल्डा मावशी, उभी होती. आईनं मनाशी धरलं की वाडगा तिनंच नेला. बोलली एक शब्द नाही. फक्त तुमच्याकडे कॉफीला यायची बंद झाली. चर्चच्या दारात भेटल्या तर हवेबद्दल बोलायच्या. आपल्याकडे भांडण म्हणजे हेच ना, दोघी सख्ख्या बहिणी समोरासमोर उभ्या राहून वारा कुठून येतोय ते एकमेकींना सांगतात. बावीस वर्षं, आई जाईपर्यंत.

त्या जेवणांना जाणारी प्रत्येक बाई भांड्याच्या बुडाला आपली खूण करायची, तुला आठवत असेल. नाहीतर तळघरातल्या सारख्या दिसणाऱ्या इतक्या भांड्यांतून आपलं कोण ओळखणार? आईची खूण म्हणजे लाल नेलपॉलिशचे तीन ठिपके, त्रिकोणात. नेलपॉलिश माझं होतं. तिनं स्वतःच्या नखाला जन्मात लावलं नाही.

मला बाकी काही नको. वाडगा उलटा करून बघ.

आर्डिथ

•

नॉर्डबी
३० मार्च १९८८

आर्डिथ,

तुझं पत्र मी कॉफी पिताना उघडलं आणि कॉफी तशीच निवून गेली.

पिवळे वाडगे त्या काळी घरोघरी होते. कॅटलॉग बघून पोस्टानं यायचे. आणि पोरं सगळ्यांच्याच घरी होती, डावही होते. शिवाय तो आता वाडगा राहिलेला नाही, त्याला नोंदणी क्रमांक आहे. पांढरे हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही, आणि कपाटाची किल्ली सोर्विकबाईंच्या गळ्यात असते. त्यांच्या आजीच्या वाडग्याचं बूड मला तपासायचंय असं मी त्यांना सांगू? त्यांचं डोकं फिरलं तर त्या आपलं सगळं सामान परत नेतील. लग्नाचा झगा, पेंढा भरलेलं घुबड, पहिल्या शाळेची घंटा, निम्मं संग्रहालय त्यांचंच आहे. मग आम्ही लोकांना काय दाखवायचं? अकरा पायपेट्या आणि डेल्बर्टची तार?

तुला बोलायला काय जातं, तू अॅरिझोनात आहेस. मी त्रेसष्ट वर्षांची आहे आणि बाईंनी ‘वर्ना’ म्हटलं की अजून तोंडातलं च्युइंगम थुंकते.

आणि माझी आई चोर? सेल्मा मावशी येईनाशी झाली ते माझ्या आईनं स्वतःला लावून घेतलं होतं, तुला माहीत आहे? मावशीनं त्या वर्षी स्वयंपाकघराला नवे पडदे केले होते. आई ते बघून म्हणाली होती, ‘वेगळेच आहेत, हं.’ आपल्याकडे ‘वेगळेच’ म्हणजे काय ते तुला सांगायला नको. आईला वाटायचं, मावशीला तेच लागलं. जन्मभर ते पडदे तिच्या डोक्यात होते. शेवटच्या आजारपणात एकदा माझा हात धरून म्हणाली, ‘चांगले होते गं पडदे.’ मला वाटलं वातात बोलतेय.

मी वाडगा उलटा करणार नाही.

इथे वारा उत्तरेकडून आहे.

वर्ना

•

मेसा
७ एप्रिल १९८८

प्रिय वर्ना,

इथे ऊन आहे. वाऱ्याबद्दल मी काही लिहिणार नाही, आपल्या आयांनी ते पुष्कळ केलं.

पडद्यांचं मला माहीत नव्हतं. ते वाचून मी उठले आणि उगाचच भांडी पुसत बसले. आई त्या पडद्यांबद्दल कधी काही बोलली नाही. तिला ते ऐकूही गेलं नसेल. तिचा डावा कान तेव्हाच अधू झाला होता. म्हणजे एक बहीण वाडग्यासाठी रागावली होती आणि दुसरी पडद्यांसाठी झुरत होती.

मी तुझ्या आईला चोर म्हटलेलं नाही. माझी आई म्हणत होती, तेही मनात. पण विचार कर. बुडाशी तीन ठिपके निघाले तर वाडगा कुठे गेला होता ते कळेल. सोर्विकांकडे. म्हणजे हिल्डा मावशीनं नेला नव्हता.

माझ्या आईसाठी नको बघू. तुझ्या आईसाठी बघ.

आर्डिथ

•

नॉर्डबी
१० मे १९८८

प्रिय आर्डिथ,

बघितला.

महिनाभर मी स्वतःशी भांडत होते. मग काल, सोमवार, संग्रहालय बंद असतं म्हणून, बाईंकडे गेले आणि कपाटाची काच आतून पुसायची आहे म्हणून किल्ली मागितली. हे खोटं नव्हतं. मी काच पुसली, अगदी लख्ख. मग डेल्बर्टला दारात उभं केलं, हातमोजे चढवले, वाडगा उचलला आणि उलटा केला.

बुडाला हिरवी बनात, ते जाड लोकरी कापड, चिकटवलेली! गोल कापून, नीट. बाईंच्या आईनं तो पियानोवर मेणाची फळं ठेवायला वापरला होता. पियानोला चरा जाऊ नये म्हणून बनात. मी तशीच उभी. वाडगा परत ठेवून तुला कळवायचं, की नाही दिसलं, आपण प्रयत्न केला, असंही मनात आलं.

‘वाफ,’ डेल्बर्ट दारातून म्हणाला. ‘जुना गोंद वाफेनं सुटतो.’

जुन्या तिकीटघरात मंडळाचं कॉफीचं मोठं भांडं असतं. मी ते उकळत ठेवलं आणि काउंटीची सर्वांत मौल्यवान वस्तू त्यावर धरली. हातमोजे ओले झाले, चष्म्यावर वाफ धरली, मला काही दिसेना. डेल्बर्ट पहारा विसरून आत आला आणि खिशातल्या चाकूनं बनातीची कड उचलू लागला. ‘लाल आहे,’ तो म्हणाला. ‘एक. दोन.’ मग म्हणाला, ‘तीन. काय गं, गुनहिल्ड बैलगाडीत नेलपॉलिश लावायची?’

‘वर्ना.’

मी च्युइंगम थुंकलं. खरंच होतं तोंडात. बाई माझ्या मागेच उभ्या होत्या, काठी टेकून. काच पुसायला इतका वेळ का लागतोय म्हणून बघायला आल्या होत्या. मी नुसता वाडगा पुढे धरला. बुडातून पाणी ठिबकत होतं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि बराच वेळ ते ठिपके बघितले.

‘माझी आजी टापटीप बाई होती,’ त्या म्हणाल्या.

‘बाई, तेव्हा नेलपॉलिश नव्हतं.’

‘तुझा इतिहास तिसरीतही कच्चा होता.’

माझ्या हातून किल्ली घेतली आणि गेल्या. पण वाडगा नेला नाही, आर्डिथ. घुबडही नेलं नाही.

डेल्बर्टला मी घरी पाठवलं आणि प्रवाशांच्या बाकावर बसले. आईला कुठून तरी हाक मारून सांगावंसं वाटलं, पडदे नव्हते गं. तुझ्या पडद्यांच्या बोलण्यानं काही झालं नव्हतं.

आता मी काय करू ते सांग. उघडायला महिना उरलाय आणि कपाटातल्या पाटीवर अजून बैलगाडीच लिहिलेली आहे. ती बदलली तर बाई जातात. नाही बदलली तर मी खोटी.

वर्ना

•

मेसा
१७ मे १९८८

प्रिय वर्ना,

तुझं पत्र लेस्टरला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं चकत्यांचा खेळ बुडवून ते पुन्हा वाचायला लावलं. डेल्बर्टला माझा नमस्कार सांग. त्याची तार मी येऊन बघेन, सगळी.

मी रडले. किती ते विचारू नकोस.

पाटी बदलू नकोस. बाईंना अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी सगळ्यांसमोर उभं करून आपल्याला काय मिळणार? वाडगा आहे तसा ठेव, पाटी आहे तशी ठेव, फक्त वाडग्याखाली एक आरसा ठेव. इथल्या घड्याळांच्या दुकानात मी बघितलंय, मागची बाजू दिसावी म्हणून ठेवतात. काही लिहायचं नाही, काही बोलायचं नाही. नॉर्डबीच्या बायकांना डोळे आहेत.

त्या आनंदात मी चॉकलेटच्या वड्या करायला घेतल्या. आईचं केकचं भांडं खाली काढलं, बूड पुसायला उलटं केलं. मग वड्या राहूनच गेल्या.

बरं, हिल्डा मावशीची खूण काय होती गं? सहज विचारते.

आर्डिथ

•

नॉर्डबी
२० जून १९८८

प्रिय आर्डिथ,

आरसा केला! माझ्या न्हाणीघरातला. आता पावडर लावताना मला निम्मंच तोंड दिसतं.

अकरा तारखेला, शनिवारी उघडलं. बाईंनी फीत कापली, बैलगाडीची गोष्ट सांगितली, गाडी नदीत कलंडली, टाळ्या झाल्या. आरसा त्यांनी बघितला, नक्की बघितला, पण मान वळवली नाही. मग लोक कपाटाशी आले. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ते पार्कर रोडवरच्या फार्मचे लोक आहेत ना, त्यांच्या घरची सासूबाई वाकली, तिच्या गुडघ्यांचा आवाज दारापर्यंत ऐकू आला, आणि ती म्हणाली, ‘अगं बाई! हे तर सेल्माचे ठिपके.’

झालं. नॉर्डबीच्या साठीपुढच्या सगळ्या बायका कपाटापुढे ओणव्या. एकीला वर उठताच येईना. लग्नाचा झगा कुणी बघितला नाही, घुबड कुणी बघितलं नाही. एक बाई तेवढी उभीच्या उभी लाल झाली आणि निघून गेली. मला वाटलं, रागावली. तासाभरात परत आली ती पिशवीत कॉफीची किटली घेऊन. ‘ही माझ्या सासूच्या कपाटात होती,’ म्हणाली, ‘बुडाला निळी चांदणी आहे. आमची खूण चांदणी नाही.’

त्या दिवसापासून थांबेना. सफरचंदाचा ‘पाय’ भाजायचे साचे, डाव, पुडिंगच्या वाट्या, एक अख्खी परात. कुणी मोटारीतून उतरून देतं, कुणी रात्रीत दारात ठेवून पळतं, पायपेटीसारखं. नॉर्डबीत चाळीस वर्षं प्रत्येक दफनानंतर कुणी ना कुणी दुसऱ्याचं भांडं घरी नेलंय आणि लाजेनं ठेवून घेतलंय. स्टेशनात हरवलेल्या सामानाची ती जुनी खिडकी आहे ना, ती आम्ही परत उघडली. आत डेल्बर्ट बसतो. खूण सांगितली की भांडं मिळतं. काल एक दांडगा शेतकरी आला, आईचा पायचा साचा घेतला आणि तिथेच बाकावर बसून राहिला, मांडीवर ठेवून. डेल्बर्टनं त्याला तारेबद्दल काहीसुद्धा सांगितलं नाही.

बाई रोज येतात. कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि येईल त्याला बैलगाडी ऐकवतात, आधीपेक्षा मोठ्यानं.

आईची खूण विचारलीस. नेलपॉलिश तिला पाप वाटायचं. खिळ्यानं फुली ओढायची. का गं? आमचं सगळं इथेच आहे, फक्त केकचं भांडं गेलं, सरकत्या झाकणाचं. तेही आजोबांच्या जेवणातच. आई म्हणायची, सेल्माला माहीत असेल कुठे आहे ते, पण आता ती येतच नाही.

वर्ना

•

मेसा
२८ जून १९८८

प्रिय वर्ना,

सोबतच्या पार्सलात भांडं आहे. झाकण सरकताना अडतं, कडेला लोणी लाव. फुली डाव्या कोपऱ्यात आहे, डागांखाली.

माझ्या सगळ्या मुलांचे वाढदिवस यात झाले. आई गेली तेव्हा मी हे उराशी धरून इथे आणलं, तिचं म्हणून. बावीस वर्षं ती हिल्डा मावशीवर रागावली होती आणि बावीस वर्षं हिल्डा मावशीच्या भांड्यात केक करत होती. एकदा जरी उलटं करून बघितलं असतं.

वारा इथे दक्षिणेकडून आहे. पण हे भांडण नाही, खरोखरच दक्षिणेकडून आहे.

आर्डिथ

•

नॉर्डबी
१२ सप्टेंबर १९८८

प्रिय आर्डिथ,

पार्सल मी टपाल कचेरीतच फोडलं आणि इतकी हसले की डेल्बर्टनं पाठीत दोन रट्टे घातले, त्याला वाटलं घशात काही अडकलं. मग हसणं कधी थांबलं आणि दुसरं कधी सुरू झालं ते कळलं नाही. तो बिचारा रट्टे घालतच राहिला.

घरी येऊन त्यात दालचिनीचा केक केला आणि चर्चमागच्या दफनभूमीत घेऊन गेले. आपल्या दोघींच्या आयांच्या मध्ये आजोबा आहेत, तुला आठवतं? तिथे गवतात बसून मी तीन तुकडे खाल्ले. त्यातले दोन माझे नव्हते असं धर.

लगेच लिहिणार होते, पण बाईंचं काय होतंय ते बघून मग लिहावं म्हटलं. तर ऐक. गेल्या आठवड्यात आयोवाची एक पाहुणी आली. तिनं बैलगाडी नीट ऐकून घेतली आणि विचारलं, ‘या वाडग्यात ते लोक करायचे तरी काय?’

‘बटाट्याचं सॅलड,’ बाई म्हणाल्या. ‘शेपू घातलेलं.’

मी झाडू हातात घेऊन उभी होते. झाडू थांबला. बाईंच्याही लक्षात आलं. पाहुणी झग्याकडे वळेपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, ‘वर्ना, ये इकडे.’

मी गेले.

‘तसं सॅलड पुन्हा कधी खाल्लं नाही. आई तळघरातून वाडगा घेऊन आली तेव्हा तळाशी थोडं उरलं होतं. मी बोटानं चाटून खाल्लं. एक्कावन्न वर्षांची होते मी, शाळेत शिकवत होते.’

‘मग परत का नाही दिला, बाई?’

‘भांडं द्यायचं तर पहिल्या आठवड्यात द्यायचं असतं. दुसऱ्या आठवड्यात ते जड होतं. वर्षानं आईनं त्यात मेणाची फळं ठेवली. पाहुणे विचारायचे, कुणाचा हो हा वाडगा? काहीतरी सांगायला लागतं ना.’

‘आणि बैलगाडी?’

‘बैलगाडी खरी आहे,’ बाई एकदम तिसरीच्या आवाजात म्हणाल्या. ‘बैलगाडीला हात लावायचा नाही.’

मी नाही लावला. थोड्या वेळानं त्यांनी गळ्यातली किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. ‘सेल्माच्या मुलीला लिही. मंडळ हा वाडगा तिला वापरायला देत आहे. दिला म्हटलं नाही मी, वापरायला. माझ्या दफनानंतरच्या जेवणाला तो परत आणायचा. भरून. शेपू विसरायचा नाही.’

तेव्हा डेल्बर्टनं तो चार उशांच्या अभ्र्यांत गुंडाळला आहे. आत तारेचा एक तुकडाही आहे, त्याच्याकडून भेट, हात जपून घाल. वाडग्याच्या जागी कपाटात आता नुसता आरसा आहे. बायका अजून वाकून बघतात.

वर्ना

•

मेसा
१५ नोव्हेंबर १९८८

प्रिय वर्ना,

वाडगा पोचला, न फुटता. माझं बोट तारेनं फुटलं. डेल्बर्टचे आभार मान.

पहिले कित्येक आठवडे मी त्यात काहीच केलं नाही. ओट्यावर उलटा ठेवायचा आणि येता-जाता ठिपक्यांवरून बोट फिरवायचं. लेस्टर म्हणाला, ‘हा काय आता आपल्याकडे काचेच्या कपाटात राहणार?’ म्हणून शनिवारी वसाहतीच्या जेवणाला सॅलड करून नेलं. इथेही प्रत्येकीनं घरून काहीतरी आणायचं असतं, फक्त तळघराऐवजी पोहण्याच्या तलावाच्या कडेला. शेपू मिळवायला लेस्टरला तीन दुकानं हिंडवलं. सगळं संपलं. वाडगा रिकामा झाला, मी खुर्च्या उचलायला गेले, आणि परत येऊन बघते तर टेबलावर नाही.

तलावापलीकडे मोटारी लावतात तिथे एक बाई चालली होती, कडेवर माझा वाडगा. अगदी आपला असल्यासारखा.

मी पळाले. मी, या गुडघ्यांनी. ‘अहो,’ ओरडले, ‘अहो बाई!’ मेसातल्या सगळ्यांनी वळून बघितलं, शेवटी तिनंही. विस्कॉन्सिनची आहे, मार्लिस नाव, नुकतीच आली, नवरा मार्चमध्ये गेला. ‘माझा असाच आहे हो,’ म्हणाली, ‘पिवळा, निळ्या पट्ट्याचा.’ आणि मग थांबली. तिचा तिकडे विस्कॉन्सिनातच राहिला होता, लेकीकडे. ते तिला तिथे मोटारीशी उभं राहून आठवलं.

मी वाडगा उलटा करून तिला ठिपके दाखवले. ती इतकी ओशाळली, की उद्यापासून ती मला बघून फुटपाथ बदलणार हे मला स्पष्ट दिसलं. पहिला आठवडा, दुसरा आठवडा, मग भेटलोच तर वारा. म्हणून मी तिचा दंड धरला आणि म्हटलं, आधी घरी चल, कॉफी घे.

वर्ना, आईला एवढंच करायला हवं होतं. तळघराचा जिना चढून धावत बाहेर जायचं आणि हाक मारायची. हिल्डा मावशीला हाक मारली असती तर ती म्हणाली असती, माझ्याकडे नाही गं, पण माझं केकचं भांडं बघितलंस का? आणि दोघी मिळून शोधायला लागल्या असत्या. सोर्विकांच्या दारापर्यंत गेल्या असत्या, बघ. दोघी बरोबर असत्या तर त्या बाईंनाही घाबरल्या नसत्या.

मार्लिस दोन कप कॉफी प्यायली. तिच्या नवऱ्याला लोणच्याची काकडी आवडायची नाही, हे मला आता माहीत आहे. बाईंना सांग, घाई करू नका, वाडगा इथे सुखरूप आहे. आणि तू फेब्रुवारीत ये. बर्फ टपालपेटीच्या गळ्याशी आला की निघायचं.

मार्लिस तिच्या जेलीच्या भांड्याचं झाकण इथेच विसरून गेली. ओट्यावर आहे. उद्या नेऊन देते.

नको, आत्ताच जाते.

आर्डिथ